बाबांच्या पॅसेजमधला दिवा: पीआयआर सेन्सर आणि त्याच्या लेन्सशी झटापट

रात्री बाबा बाथरूमला उठतात आणि अंधारात भिंत चाचपडत जातात. पॅसेज सहा मीटर लांब, जेमतेम सव्वा मीटर रुंद. माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बसवायचा, अंगातून निघणारी इन्फ्रारेड किरणं ओळखणाऱ्या पीआयआर सेन्सरवर चालणारा, एवढंच काम होतं. एका रविवारी उरकेल असं वाटलं होतं, लागले साडेतीन आठवडे. त्यातला बहुतेक वेळ सेन्सरवरच्या त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या घुमटाने, म्हणजे त्याच्या लेन्सने, खाल्ला. कुणी हेच करणार असेल तर निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नका, म्हणून या नोंदी.

३ मे

सामान: एचसी-एसआर५०१ मॉड्यूल, म्हणजे पीआयआर सेन्सर बसवलेला तयार बोर्ड, दोन (एक जास्तीचं, आणि ते लागलंच), अर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), १२ व्होल्टची एलईडी पट्टी, तिच्यासाठी मॉसफेट (पट्टी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले. माणूस दिसला की त्याच्या आउटपुटवर ३.३ व्होल्ट येतात.

चालू केल्या केल्या दिवा आपोआप लागला, गेला, पुन्हा लागला. मॉड्यूल खराब आहे असं धरून मी दुसरं लावलं. तेही तसंच. तासाभराने कळलं की वीज दिल्यावर या सेन्सरला स्थिर व्हायला साधारण एक मिनिट लागतं आणि तेवढा वेळ त्याच्या आउटपुटवर विश्वास ठेवायचाच नसतो. मी दर चाळीस सेकंदांनी वायर काढून परत लावत होते, म्हणजे त्याला स्थिर होऊच देत नव्हते.

दुसरी गंमत वेळेच्या ट्रिमरची, म्हणजे दिवा किती वेळ लागेल ते ठरवणाऱ्या छोट्या फिरकीची. तो पार शेवटपर्यंत फिरवलेला होता, त्यामुळे दिवा एकदा लागला की पाच मिनिटं विझेना. चाचणी करताना हा ट्रिमर सगळ्यात कमी वेळेवर ठेवा. वाया: दीड तास.

४ मे

मॉड्यूल उघडं बरं दिसत नाही म्हणून त्याला डबा केला, पुढे पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी. आतला घुमटही छान दिसत होता. सेन्सर मात्र मेल्यासारखा गप्प. हात हलवला, उड्या मारल्या, काही नाही. झाकण काढलं की लगेच चालू.

मग ॲक्रिलिकच्या जागी काच धरून बघितली. तेच. शेवटी हाताशी होती म्हणून कचऱ्याची काळी पॉलिथिनची पिशवी ताणून धरली आणि दिवा लागला! पिशवीतून मला पलीकडचं काहीही दिसत नव्हतं, सेन्सरला दिसत होतं.

कारण असं. आपल्या त्वचेचं तापमान ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असतं. एवढ्या गरम वस्तूतून निघणारी इन्फ्रारेड किरणं साडेनऊ मायक्रॉनच्या जवळपास सर्वांत जोरदार असतात. सेन्सरच्या धातूच्या टोपीवर जी चौकोनी खिडकी असते, तिच्यावरचा फिल्टर साधारण ५ ते १४ मायक्रॉनपर्यंतचंच आत सोडतो. काच आणि ॲक्रिलिक या किरणांना भिंतीसारखेच. पातळ पॉलिथिनमधून ती बरीचशी पार होतात. तो पांढरा घुमटही पॉलिथिनचाच, जास्त घनतेच्या जातीतला. डोळ्याला आरपार दिसतं म्हणजे सेन्सरलाही दिसत असणार, हे डोक्यातून जायला मला अर्धा दिवस लागला.

ॲक्रिलिकला घुमटाच्या मापाचं, २३ मिलिमीटरचं भोक पाडायला गेले तर पहिला तुकडा तडकला, दुसराही तडकला. तिसऱ्याला आधी बारीक भोक पाडून कानशीने हळूहळू मोठं केलं. घुमट आता डब्याबाहेर आलाय. तसाच ठेवायचा, त्याच्यावर काहीही झाकायचं नाही.

६ मे

डबा बाथरूमच्या दारावर बसवला, तोंड सरळ पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे बाबांच्या खोलीकडे. वाटलं, इथून पूर्ण पॅसेज दिसतो, याहून चांगली जागा कुठली?

मी स्वतः धावपळ करून बघितलं, लागला. मग बाबांना चालायला सांगितलं. ते काठी टेकत आपल्या गतीने निघाले. दोन मीटर, तीन, चार. दिवा ढिम्म. बाथरूमच्या दारापासून दोन पावलांवर आले तेव्हा कुठे लागला.

"अगं, मी काय भूत आहे का? याला मी दिसतच नाही."

संध्याकाळी राग घुमटावर निघाला. तो नुसता खाचेत अडकवलेला असतो, काढता येतो. आत धातूची टोपी आणि तिच्यावर ती चौकोनी खिडकी. खिडकीच्या मागे दोन चकत्या शेजारीशेजारी असतात, प्रत्येकी साधारण १ मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर उंच, मधे १ मिलिमीटर मोकळी जागा. या पायरोइलेक्ट्रिक चकत्यांवरची उष्णता *बदलली* तरच त्या थोडा विद्युतभार देतात. स्थिर उष्णतेला त्या काहीच देत नाहीत. शिवाय दोघी उलट्या जोडलेल्या, एकीची बेरीज तर दुसरीची वजाबाकी. पूर्ण खोली तापली तर दोघी सारख्याच तापतात आणि हिशेब शून्य होतो.

घुमटाशिवाय किती लांबून चालतं ते बघितलं. जमिनीवर कागदी टेपच्या खुणा केल्या. हात हलवला तर अर्ध्या मीटरवर नीट, एक मीटरला कधी हो कधी नाही, त्यापुढे शून्य. घुमट परत लावला आणि आडवी चालत गेले तर सहा मीटरलाही लागला. म्हणजे सगळी करामत या प्लॅस्टिकच्या टोपलीत आहे.

७ मे

आज सरळसरळ मूर्खपणा केला. सेन्सिटिव्हिटीचा ट्रिमर पूर्ण चढवला आणि रात्रभर मोजणी ठेवली. सकाळी बघते तर कुणीही उठलेलं नसताना २३ वेळा दिवा लागून गेला होता.

यातला मोठा वाटा मोजणी करणाऱ्या बोर्डाचाच निघाला. नोंदींसाठी मी वायफायचा ईएसपी८२६६ बोर्ड मॉड्यूलला अगदी चिकटून, तीन सेंटिमीटरवर ठेवला होता. तो नोंद पाठवायला लागला की त्याच्या रेडिओच्या झटक्याने सेन्सरचं ॲम्प्लिफायर उचकायचं. तो माणूस मोजायचा नाही, स्वतःलाच मोजायचा! बोर्ड काढून टाकला, नोंदी उनोवरून थेट लॅपटॉपवर घेतल्या, मॉड्यूलच्या पुरवठ्याला एक मोठा कपॅसिटर लावला. पुढच्या रात्री २३ चे ३ झाले.

बाबांचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे. सेन्सिटिव्हिटी चढवूनही ते दोन पावलांवर आल्याशिवाय दिसत नाहीत.

९ मे

आजचा दिवस सगळ्यात कामाचा. दिवा लागतो की नाही एवढंच बघत बसलं तर काही कळत नाही, सेन्सर आत काय म्हणतोय ते ऐकायला हवं. मॉड्यूलवर बीआयएसएस०००१ नावाची चिप असते. तिची १२ नंबरची पिन म्हणजे दुसऱ्या ॲम्प्लिफायरचं आउटपुट. तिथे बारीक वायर डागली (सोल्डर केली) आणि उनोच्या ए० पिनला जोडून लॅपटॉपवर, अर्डुइनोच्या सीरियल प्लॉटरमध्ये आलेख काढला. दोन पिनांमधलं अंतर फार कमी आहे, पहिल्या प्रयत्नात शेजारच्या पिनेला डाग लागला. डाग लावताना भिंग वापरा, माझ्यासारखं चष्म्यावर भागवू नका.

उनो ० ते ५ व्होल्ट ० ते १०२३ अशा आकड्यांत दाखवतो. कुणी नसताना रेष ३३८ च्या आसपास, म्हणजे चिपच्या ३.३ व्होल्ट पुरवठ्याच्या बरोबर निम्म्यावर, १.६५ व्होल्टला असते. चिप दोन उंबरठे धरून बसलेली असते: पुरवठ्याच्या ०.७ पट आणि ०.३ पट. माझ्या आलेखावर ते ४७३ आणि २०३. रेष यातल्या कुठल्याही उंबरठ्याबाहेर गेली तरच "माणूस आला". आलेखावर या दोन आडव्या रेघा आखून ठेवल्या आणि मग एकेक गोष्ट करून बघितली.

घुमट लावून तीन मीटरवरून आडवी चालले: रेष वर, खाली, वर, खाली, चार-पाच मोठ्या लाटा. मधेच पुतळ्यासारखी उभी राहिले: दोन-तीन सेकंदांत रेष परत ३३८ वर. मी समोर असून नसल्यासारखी. सरळ सेन्सरकडे चालत आले: रेष थरथरते, पण उंबरठा ओलांडत नाही. अगदी जवळ आल्यावरच ओलांडते. बाबांचं भूत इथे दिसलं.

मग एक प्रयोग केला, त्याने लेन्सचं काम पटलं. घुमट काढला. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती ४० सेंटिमीटरवरून सावकाश आडवी नेली. काहीच नाही. जरा विचार केल्यावर कळलं, चकचकीत स्टीलमधून इन्फ्रारेड फार कमी निघतं, ती आरशासारखी भिंतीचंच प्रतिबिंब दाखवत होती. बाटलीला कागदी टेप गुंडाळली आणि परत नेली. आता आलेखावर एकच लांबट उंचवटा, मग एकच खळगा. संपलं.

आता पुठ्ठ्याचा कंगवा कापला: ५ मिलिमीटर फट, ५ मिलिमीटर पट्टी, पुन्हा फट. तो उघड्या सेन्सरपुढे तीन सेंटिमीटरवर धरला. तीच बाटली, तोच वेग. रेषेवर लाटा! उंची कमी, पण एकापाठोपाठ पाच. बाटली एका फटीतून दिसायची, पट्टीआड जायची, पुढच्या फटीतून पुन्हा दिसायची. सेन्सरला हालचाल कळतच नाही, कळतो तो फक्त बदल. हालचालीचा बदल करून द्यायला मधे कुणीतरी कापणारा लागतो.

पुठ्ठ्याचा कंगवा नुसता कापतो आणि निम्मी किरणं अडवतो. घुमटावरचं प्रत्येक छोटं भिंग कापतं आणि त्याच वेळी आपल्या पूर्ण पृष्ठभागावरची किरणं गोळा करून चकतीवर टाकतं. म्हणून अर्ध्या मीटरचे सहा मीटर होतात.

११ मे

घुमटातून चकत्यांना खोलीचे जे पट्टे दिसतात, ते प्रत्यक्ष कुठे पडतात ते मोजलं. दादाला लॅपटॉपसमोर बसवलं. मी तीन मीटरवर टेप गुंडाळलेली बाटली छातीपुढे न धरता लांब काठीवर धरून (नाहीतर सेन्सर मलाच बघतो) हळूहळू सरकवत होते. तो ओरडायचा, "वर!", "खाली!" प्रत्येक ओरडीला जमिनीवर टेप: वरला हिरवी, खालीला लाल.

तासाभरात जमिनीवर हिरवी-लाल-हिरवी-लाल अशी रांग उमटली. काही ठिकाणी गुंता होता, कारण घुमटावर भिंगांच्या एकाहून अधिक रांगा असतात आणि त्यांचे पट्टे एकमेकांवर चढतात. पण मधल्या भागात हिरव्यापासून लालपर्यंतचं अंतर ४५ ते ५५ सेंटिमीटर भरत होतं.

हे गणिताशी जुळतं, आणि गणित अगदी साधं आहे. घुमटापासून चकत्यांपर्यंतचं अंतर मी मोजलं, सुमारे १२ मिलिमीटर. भिंग त्या चकत्यांची प्रतिमा खोलीत फेकतं, सिनेमाच्या प्रोजेक्टरसारखी. तीन मीटर म्हणजे १२ मिलिमीटरच्या २५० पट. म्हणून १ मिलिमीटरची चकती तिथे २५ सेंटिमीटरचा पट्टा होते, आणि दोन चकत्यांच्या मध्यांतलं २ मिलिमीटरचं अंतर ५० सेंटिमीटर होतं. सहा मीटरवर सगळं दुप्पट: पट्टा अर्धा मीटर, साधारण माणसाएवढा रुंद. त्याच्या पलीकडे माणूस पट्टा पूर्ण भरतच नाही, उरलेल्या भागातून मागची भिंत दिसते आणि लाट बुटकी होत जाते. मॉड्यूलच्या माहितीत पल्ला सात मीटर का लिहितात ते इथे उलगडलं.

आता बाबा. सहा मीटर जायला त्यांना २४ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २५ सेंटिमीटर. सहा मीटरवर ते अगदी आडवे चालले असते तरी हिरव्यातून लालमध्ये जायला एक मीटर, म्हणजे चार सेकंद. एवढ्या संथ बदलाला ॲम्प्लिफायर खोलीच्या तापमानाचा चढउतार समजून गाळून टाकतं. आणि ते तर आडवे चालतही नाहीत, एकाच पट्ट्याच्या आत सरळ चालत येतात. जागा सर्वांत वाईट निवडली होती मी.

हे कळूनही जागा बदलायची सोडून मी नवी लेन्स मागवली. का? कारण गणित आवडायला लागलं होतं.

१४ मे

सपाट फ्रेनेल लेन्स आली, २५ मिलिमीटर फोकसची. पट्टे निम्मे अरुंद होतील हा हिशेब. बोटाने चोळली तर एका बाजूने गुळगुळीत, दुसरीकडे बारीक वर्तुळाकार खाचा. भिंगाचा वाकडा पृष्ठभाग तेवढा ठेवायचा, मधला जाड भाग काढून टाकायचा आणि उरलेली कडी सपाट मांडायची, अशी ही युक्ती. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती दीपगृहासाठी केली, १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआंच्या दीपगृहावर त्याचं भिंग बसलं. तिथे काचेचं वजन वाचवायचं होतं. इथे कारण निराळं: पॉलिथिन जितकं जाड तितकी ही किरणं ते जास्त खातं, म्हणून पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच हवा. एवढ्यात फुगीर भिंग बसवता येत नाही.

आजच्या चुका तीन.

पहिली: सुपरग्लूने चिकटवली. पॉलिथिनला हा गोंद धरतच नाही. रात्री अडीचला लेन्स खाली पडली, सेन्सर उघडा पडला, दिवा लागला आणि सगळं घर उठलं.

दुसरी: मग हॉट ग्लू. गनमधून आलेल्या थेंबाने लेन्सची कडा वितळून सुरकुतली. एक लेन्स कायमची गेली.

तिसरी: उरलेली लेन्स खाचा बाहेर करून बसवली, कारण खडबडीत बाजू "कामाची" वाटत होती. आणि सेन्सरपासून अंतर ठेवलं १८ मिलिमीटर, कारण डबा तेवढाच खोल होता. पल्ला साडेतीन मीटर आला. खाचा आत केल्या आणि त्याच वेळी अंतरही २५ केलं, तर पल्ला पाचच्या पुढे गेला. दोन्ही एकदम बदलल्यामुळे कुणाचा किती वाटा ते मला सांगता येणार नाही. खाचा आतच ठेवा, बाहेर ठेवल्या तर धूळ बसते आणि पुसता येत नाही.

आता लेन्स चिकटवलेली नाही. लाकडाच्या दोन चौकटींमध्ये कमानीसारखी वाकवून स्क्रूने दाबली आहे.

१६ मे

नव्या डब्यात मॉड्यूल मावेना म्हणून सेन्सरची टोपी डाग काढून मोकळी केली आणि वायर लावून पुढे आणली. १५ सेंटिमीटरच्या वायरीने रेष जाडजूड झाली, घरातल्या विजेची गुणगुण पकडायला लागली. ३ सेंटिमीटरवर आणली तेव्हा शांत.

पण लाटा बुटक्या. दोन मीटरवरून आडवी चालले तरी उंबरठ्याच्या खाली. लेन्सचं अंतर पुन्हा मोजलं, खाचा बघितल्या, पुरवठा तपासला, वायरी बदलल्या. पूर्ण संध्याकाळ गेली. रात्री जेव्हा टोपीकडे सरळ समोरून बघितलं तेव्हा दिसलं: मी ती ९० अंशांत फिरवून डागली होती. चकत्या शेजारीशेजारी असायच्या त्या एकावर एक आल्या होत्या. आडवा चालणारा माणूस दोन्ही चकत्यांच्या पट्ट्यांत एकदमच शिरायचा, एक म्हणायची अधिक, दुसरी म्हणायची उणे, आणि हिशेब शून्य. सेन्सरचं काही चुकत नव्हतं. मला जे दाखवायचं होतं तेच तो नीट खोडून टाकत होता.

टोपी डागण्याआधी तिच्या कडेचा छोटा कान कोणत्या बाजूला आहे ते मार्करने बोर्डावर लिहून ठेवा. वाया: चार तास.

१८ मे

शेवटी जागा बदलली. डबा बाथरूमच्या दारावरून काढून बाबांच्या खोलीच्या दाराजवळ, बाजूच्या भिंतीवर लावला, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. आता बाबा कसेही चालले तरी सेन्सरच्या समोरून आडवेच जातात.

पहिल्याच फेरीत दिवा लागला. बाबा थांबले, मागे गेले, पुन्हा आले. "आता ओळख पटली वाटतं."

पण आलेख बघितला तर लाटा अपेक्षेपेक्षा कमी होत्या. सव्वा मीटरवर या २५ मिलिमीटरच्या लेन्सचे पट्टे जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होतात. बाबांच्या अंगाने एका वेळी दोन-तीन पट्टे व्यापले जातात, अधिकही आणि उणेही, आणि एकमेकांना कापतात. सहा मीटरवर मला हवी होती ती बारीक विभागणी इथे उलट नडत होती.

सहज म्हणून दुसऱ्या मॉड्यूलवरचा, मूळचा घुमटवाला डबा त्याच जागी धरला. लाटा जवळजवळ दुप्पट उंच! इथे त्याचे पट्टे दहा सेंटिमीटरचे, हिरव्या-लालमधलं अंतर वीस. बाबांच्या गतीला ते अंतर पाऊण ते एक सेकंदात पार होतं, ॲम्प्लिफायरला अगदी मानवणारा वेग.

म्हणजे मॉड्यूलसोबत आलेला घुमट इथे पुरेसा होता. मागवलेल्या लेन्सची गरज नव्हती, वितळलेल्या लेन्सची नव्हती, सेन्सर उपटून डागण्याचीही नव्हती. घरात कुणाला हे अजून सांगितलेलं नाही. दादा नोंदी वाचत नाही.

डबा आणखी खाली, जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरवर आणला. पोटऱ्या धडापेक्षा अरुंद, दहा सेंटिमीटरच्या पट्ट्याशी त्यांचं माप चांगलं जुळतं, आणि एक पाय पुढे एक मागे असल्याने लाटा जास्त येतात. बाबा झोपताना लुंगी लावतात, पाय पूर्ण झाकले असले तर लाट थोडी कमी होते, पण उंबरठा ओलांडते.

२१ मे

किरकोळ कामं. दुसरं टोक, बाथरूमजवळ, तिथेही एक मॉड्यूल (उपटलेल्या सेन्सरचं, टोपी परत मूळ जागी डागून). दोन्हींची आउटपुटं दोन डायोडनी एकत्र केली. मॉड्यूलवर एलडीआरसाठी (उजेड ओळखणाऱ्या छोट्या भागासाठी) रिकामी जागा असते, तिथे एक डागला, त्यामुळे दिवसा दिवा लागत नाही.

समोरच्या खोलीचं दार उघडं असलं की बाजूचा सेन्सर आतल्या हालचाली पकडायचा. तेवढ्याच दिशेच्या भिंगांवर बाहेरून काळी इन्सुलेशन टेप लावली. घुमटावर आतून टॉर्च धरला की कुठलं भिंग कुठे बघतं याचा अंदाज येतो. रंग मात्र लावू नका, नंतर निघत नाही.

काल रात्री तीनला उगाच दिवा लागला. बघितलं तर एक मुंगी घुमटावर फिरत होती. डब्याच्या मागची फट बुजवली.

२४ मे

दुपारी पॅसेजची भिंत ३४ अंशांवर गेली होती, तेव्हा एलडीआर झाकून मुद्दाम चालून बघितलं. लाटा निम्म्याहून कमी. भिंत आणि त्वचा सारख्याच तापमानाच्या असतील तर लेन्सने कितीही कापलं तरी कापण्यासारखं काही उरत नाही. माझा दिवा रात्रीचा, म्हणून मला चालतं. ज्यांना उन्हात तापणाऱ्या जागी बसवायचा आहे त्यांनी त्याच तापमानाला चाचणी घ्यावी, सकाळच्या गारव्यात घेऊन खूश होऊ नये.

२८ मे

बाबांनी उशाशी कागद ठेवलाय. उठले की एक रेघ, दिवा लागला तर तिच्यावर फुली. सात रात्रींत १९ रेघा, १८ फुल्या.

एक चुकली ती कधी? विचारलं तर म्हणाले, "बाथरूममधून बाहेर आलो आणि नेमका माझ्यादेखत विझला. हात हलवला तरी लागेना." विझल्यानंतर अडीच-एक सेकंद हे मॉड्यूल बहिरं असतं, तेवढ्यात काहीही झालं तरी घेत नाही. तेवढ्या वेळात बाबा घुमटासमोरून पुढे निघून गेले होते, आणि पुढे पॅसेजच्या मध्याला सेन्सरच नाही.

वेळेचा ट्रिमर थोडा फिरवून दिवा दीड मिनिट लागेल असं केलं. जंपर (मॉड्यूलवरची छोटी जोडपट्टी) पुन्हा-पुन्हा मोजण्याच्या जागी, म्हणजे हालचाल चालू असेपर्यंत वेळ वाढत राहील अशा जागी, आहे ना तेही बघितलं. दुसऱ्या डब्याचा घुमट अजून टेपनेच धरलेला आहे, उद्या स्क्रू आणायचे.